झिजलेली बटणं

आर्नी, बूट दारातच काढ, बर्फ आत आणू नकोस.
कॉफी होतेच आहे. आधी तुझं ते यंत्र दाखव.

हं.
काच सपाट. बोट ठेवलं की
तिच्यातून अक्षरं वर येतात, पुरळ उठावं तशी,
आणि काम झालं की जिरतात.
छान आहे रे. तीन वर्षं गेली म्हणतोस यात.
थांब, मला डोळे मिटून दाबू दे.

अठरा वर्षं मी औलूच्या कारखान्यात
बटणं दाबायची नोकरी केली.
हसू नकोस, पगार होता त्याचा.
यंत्र लाख वेळा दाबायचं, मग मी एकदा,
कारण टक् आणि टुक् यांतला फरक
यंत्राला कळत नसे.
चांगलं बटण आधी थोडं अडतं,
मग कबूल होतं,
आणि बोट उचलताना हलकेच मागे लोटतं,
पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवावं तसं.

तुझी अक्षरं वर येतात, आर्नी,
पण खाली जात नाहीत.
दाबलं तरी ताठ, साहेबासारखी.
ऐकलं की नाही कळेना,
म्हणून तू आत एक थरथर बसवली आहेस:
हो हो, ऐकलं, ऐकलं.
होयबाची थरथर ती.

पुढचा फोन कसा हवा, विचारतोस.
मागच्या हिवाळ्यात विचारतास तर म्हणाले असते,
हातमोज्यातून चालणारा.
उणे तेवीसमध्ये बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्याला
दातांनी मोजा ओढावा लागू नये,
नाकाच्या शेंड्यानं फोन उचलावा लागू नये.
(तुझ्या काकानं उचललाय. माझ्यासमोर.)
म्हणाले असते, दोन ठिपकेवाल्या आमच्या अक्षरांना
स्वतःचं घर द्या,
आणि आतल्या त्या शहाण्याला आवरा,
मी लिहिते एक, तो सुधारतो भलतंच.
हेल्काच्या नवऱ्याच्या मयताला
माझ्या नावानं अभिनंदन गेलं.

आता खालचा खण उघड. सुतळीच्या मागे बघ.
हा ताइस्तोचा. बॅटरी फुगली, चालू होत नाही.
खिडकीपाशी धर.
एक, चार, सात, नऊ: कालच घेतल्यासारखे.
तीन पुसट. सहा पुसट.
पाच आणि आठ तर गेलेच,
नुसती गुळगुळीत टेंगळं उरलीत.
मोजून बघ, मी मोजलंय.
आठ.
जरा दम खाऊन आठ आठ,
घाई केली तर दुसरंच अक्षर पडतं.
पाच पाच पाच. तीन तीन. सहा सहा.
तुलेन.
येतो.

एवढंच लिहायचा तो.
कुठे आहेस, पाव आणतोस का,
डॉक्टर काय म्हणाले,
सगळ्याला हे एकच उत्तर.
डावी बाजू गेली तेव्हाही
उजव्या अंगठ्यानं, कोटाच्या खिशातल्या खिशात, न बघता.
मी इथे भांडी घासत असे,
त्या दम खाण्यासकट सगळं मला ऐकू यायचं,
चार किलोमीटरवरून.

माझ्या काचेवर मी त्याला किती लिहिलं!
बाहीनं पुसलं, संपलं.
तुझ्या काचेला ओरखडाही पडत नाही,
हे तू आल्या आल्या छाती काढून सांगितलंस.

तर लिहून घे:
त्याची घडी होऊ दे, तो उन्हावर चालू दे,
हवं तर मनातलं ओळखू दे, मला काय.
पण तो झिजला पाहिजे.
माणूस जे पुन्हापुन्हा म्हणतो
त्या जागी तो खोल गेला पाहिजे.
माहीत आहे, कंपनी हो म्हणणार नाही.
झिजणारी वस्तू विकायची कशी, विचारतील,
आणि दोन वर्षांत मरणारी विकतील.

घे, कॉफी निवली.
घरी पोचलास की कळव.
गाडीतून नको रे,
तुझ्या फोनकडे बघावं लागतं.