दोन पायऱ्या खाली

आमचं कॉलेज आजवर एकदाही फायनल जिंकलेलं नाही,
हे आधीच सांगून टाकतो.
तरी दर जानेवारीत माझगावच्या या मैदानावर
उत्तरेकडच्या गोलामागे, सिमेंटच्या पायऱ्यांवर
आम्ही चौघं असतोच. चौऱ्याण्णवची बॅच.
ऑस्वल्ड गुडघ्याला पट्टा बांधून येतो,
जणू शेवटच्या दहा मिनिटांत त्यालाच उतरवणार आहेत.
बिल्किस खारे दाणे आणते; दोन रुपयांची पुडी वीसची कशी झाली
याची तारीखवार हकीकत तिला पाठ.
आणि दिगंबर तांडेल.
दिगंबर गेली दोन वर्षं
दोन पायऱ्या खाली बसतो.

पूर्वी बोलणं कॉर्नरपासून सुरू व्हायचं
आणि कॉर्पोरेशनवर जायचं.
लेफ्ट बॅक झोपलाय. कसा? वॉर्ड ऑफिसरसारखा.
रेफ्री विकला गेलाय. कोणासारखा?
यावर हाफटाइम पुरायचा नाही.
गोदीची जमीन कोणाच्या घशात,
सिलिंडर, दूरच्या देशातलं युद्ध,
आणि रातोरात कोण कुठून कुठे गेला.
ऑस्वल्ड म्हणायचा, मध्यंतराला बाजू बदलायची
हे आपल्या खेळात निदान नियमात तरी आहे.
दिगंबर हसायचा तेव्हा त्याच्या मांडीवरचे दाणे सांडायचे.

मग मी एक वाक्य बोललो.
ते इथे लिहीत नाही,
कारण ते मला अजून बरोबर वाटतं
आणि तीच तर अडचण आहे.
तो म्हणाला, म्हणजे माझा बाप मूर्ख होता?
बापाचा विषय कुठे होता!
होता.
संपात गेलेली नोकरी, गॅलरीतला झेंडा,
दर निवडणुकीला इस्त्री केलेला तोच एक सदरा.
मी त्यांच्या घरी जेवलोय किती वेळा,
आणि मला आठवलं नाही.

तेव्हापासून पुडी बिल्किसच्या हातून खाली जाते
आणि रिकामा कागद वर येतो,
चार घड्या घातलेला.
मॅचवर बोलतो आम्ही, पण हवामान खात्यासारखं.
राजकारण तर नाहीच. पाण्याची कपातसुद्धा नाही.
काय सांगावं, पाणीही कुणाच्या तरी पक्षाचं असतं.

आज अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला
आमचा अकरा नंबर, डोंगरीचा, काडीसारखा पोरगा,
चेंडू घेऊन एकटाच आत शिरला
आणि जाळं हललं.
जाळं हललं! ऑस्वल्ड गुडघा विसरला.
लाईन्समनचा झेंडा वर.

मान न वळवता दिगंबर म्हणाला,
ऑफसाईडच होता.
कोणाला म्हणाला, कळायला क्षण गेला.
डोळे तपासून घे, मी म्हणालो.
बिल्किसचं चावणं थांबलं.
तो वळला. बॅकचा पाय कुठे होता सांग.
मागे होता.
तुला दिसला?
मला दिसला.
तुला जे हवं तेच दिसतं, तुझं हे कायमचंच.
आणि तुझं? झेंडा वर झाला की तू खाली बसतोस.

ऑस्वल्डनं पट्टा सोडून मधल्या पायरीवर आडवा टाकला: ही लाईन.
बिल्किसनं दाणे मांडले. हा गोली, हा बॅक,
हा सालपटाचा आपला अकरा नंबर.
मी बॅक मागे सरकवला.
दिगंबर एक पायरी चढला
आणि त्यानं तो पुढे सरकवला.
मी मागे.
तो पुढे.
आमच्या पाठीमागे शिट्टी वाजली, लांब, तीनदा.
हरलो असणार. कोणी बघितलं नाही.

मग त्यानं वादातला दाणा उचलला
आणि तोंडात टाकला.
पुरावा खाल्लास, बिल्किस म्हणाली.
तुमच्या पक्षाकडून शिकलो, तो म्हणाला, माझ्याकडे बघून.

उत्तर होतं माझ्याकडे. चांगलं झोंबणारं होतं.
पण आधी मी
माझ्या शेजारची धूळ रुमालानं झटकली.