पन्नास फेनिगची दोन

ग्योर्लिट्सच्या नोआकला पहिली तिकिटं नको असतात.
पहिली सगळीच देखणी, तो म्हणतो,
झेंडा, सूर्य, गव्हाच्या लोंब्या,
बारशाला नटून आल्यासारखी.
त्याला हवं असतं शेवटचं.
ज्याच्या मागून दुसरं आलंच नाही, ते.

त्याच्या वहीत बियाफ्रा एका पानात मावतो.
झांझिबार दीड.
तुवाचं त्रिकोणी तिकीट उलटं लावलंय.
कुठल्या टोकाला शेवट, ते ठरेना म्हणून.

मग त्याचा स्वतःचा देश,
जिथे बत्तीस वर्षं त्याने ट्रामचे रूळ ठोकून पाहिले.
त्या देशाच्या शेवटच्या तिकिटावर
देशाचं नावच नाही.
तीन महिने आधीच गळलेलं.
नुसतं 'जर्मन पोस्ट',
आणि एक माणूस, ज्याने माती उकरून
गाडलेलं शहर वर काढलं होतं.

दोन ऑक्टोबरला तिकीट निघालं.
रात्री बाराला देश गेला.
ना कुणी दहावं घातलं, ना तेरावं.

तिकीट मात्र चालत राहिलं.
आणखी पंधरा महिने
खिडकीतली रोझविथा त्यावर शिक्का मारत होती,
मेलेल्याच्या सहीचा चेक
बिनबोभाट वटवावा तशी.

कोरी तिकिटं नोआकला चालत नाहीत.
मागे कुणाची तरी थुंकी वाळलेली हवी.

परवा मार्चमध्ये, नदीपलीकडच्या जुन्या बाजारात,
बुटांच्या खोक्यात
एक पाकीट सापडलं.
एकतीस डिसेंबर एक्याण्णव, संध्याकाळचे सहा.
पन्नास फेनिगची दोन, त्यातलं एक वाकडं.
पत्र आतच होतं.
वाचायचं नाही, असं त्याने ठरवलं
आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत ते पाळलं.

गेर्लिंडे,
उद्यापासून ही तिकिटं वाया जाणार,
म्हणून लिहितेय. सांगण्यासारखं काही नाही.
आज अशी चार पत्रं झाली, तुझं चौथं.
गुडघा बरा आहे.
केकचा डबा तेवढा परत पाठव.

नोआकने भिंग लावून दाते मोजले.
सगळे शाबूत.
मग पाकीट पालथं केलं.
मागे पेन्सिलीने, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात:
पाठवला. ५ जानेवारी.

वहीत आता तीच बाजू वर आहे.
तिकिटं खाली.