पार्टिंग लाइन

उद्यमबागेतल्या फाउंड्रीनं मला जर्मनीला धाडलं तीन आठवडे,
नवीन मोल्डिंग मशीन शिकून यायला.
पासपोर्टावर नाव: भरमाण्णा नागोजी हलगेकर.
जन्मठिकाण बेळगाव. तेव्हा तसंच लिहीत होते.

रविवारी डिटमार म्हणाला, चल, जुनं गाव बघू.
जुनं म्हणजे तटाच्या आतलं,
सहाशे वर्षांचं, जसंच्या तसं.
वेशीतून शिरलो तर आधी आपलेच बूट ऐकू आले,
रस्ताभर उभे ठोकलेले दगड, गुळाच्या खड्यांएवढे.
घरं लाकडी पट्ट्यांची, वर निमुळती,
लग्नाच्या फोटोत दाटीनं उभ्या राहिलेल्या
मावश्यांसारखी, कुणीच मागं सरकायला तयार नाही.
बेकरीवर लोखंडाची पाटी,
बघितली मान वर करून: ओतीव नव्हे, घडीव.
खिडकी-खिडकीत तांबडी फुलं.
खरं एकही कपडा वाळत नव्हता कुठं.
मी मुद्दाम तीन गल्ल्या शोधला.

मग तटावर चढलो. डोक्यावर कौलं, पायाखाली फळ्या,
आणि भिंतीत दगडागणिक नावं.
मेलेल्यांची काय रे ही?
नाही, म्हणाला, पैसे देणाऱ्यांची.
लढाईत एका सकाळी बॉम्ब पडले, ही बाजू सगळी बसली.
मग कुठले कुठले लोक, कधी न आलेलेसुद्धा,
मीटरवर पैसे देत गेले.
हे तो इतक्या हळू बोलला
जसं आपण जावयाचं पिणं पाहुण्यांना सांगतो.

मी हात फिरवला भिंतीवरून.
दोन पेट्या मिटतात तिथं कास्टिंगवर एक रेघ उठते.
ग्राइंडर मारा, रंग द्या, गिऱ्हाईक खूश.
बोटाला मात्र कळतंय.
ती सापडली मला, एका बुरुजाच्या कुशीत,
जुना दगड थंड, नवा त्याहून थोडा थंड.

दोन वर्षांनी मशीन अडलं आणि डिटमार इथं आला.
रविवार आलाच.
आता ह्याला काय दाखवायचं?
बायको म्हणाली, किल्ला दाखवा की, आनी काय आहे आपल्यात.

खंदकात पाणी कमी, जलपर्णी जास्त.
फाटकावर शिपायानं नाव विचारलं, माझं. त्याचं नाही.
कमल बस्तीत काळ्या दगडाचं कमळ छताला उलटं लटकलेलं,
डिटमार सरळ पाठीवर झोपला फरशीवर.
राखणदार धावत आला, एळ्री, एळ्री!
तो हलेना.
एका दगडाचं? विचारलं त्यानं खालूनच.
मी म्हटलं, मला सांधा दिसत नाही,
आणि वर माझा हात पोचत नाही.
राखणदारानं दोघांकडं बघितलं,
मग तोही मान वर करून उभा राहिला,
रोज तिथंच असून.

मशिदीतल्या खांबांवर जुनी अक्षरं आहेत.
आम्हा कुणालाच ती वाचता येत नाहीत,
म्हणून त्यांच्यावरून भांडण नाही.

परत येताना रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाशी तो थांबला.
रंगाचा पोपडा नखानं उचलला:
वर पिवळा, खाली डांबर, मग पांढरा, परत डांबर,
मधे कुठल्या तरी अक्षराची अर्धी वेलांटी.
गंज लागतो म्हणून? विचारलं.
मी म्हटलं, दगडाला कसला गंज.
मग? म्हणाला.
मी हळू आवाजात सांगायला लागलो,
आणि मला तटावरचा त्याचा आवाज आठवला.
त्यानं पोपडा परत जागेवर दाबला. चिकटला नाही.

स्टेशनजवळ कुंदा खाल्ला. दोनदा मागितला.
जाताना कॅमेरा दाखवला मला:
दिवसभरात एकच फोटो.
कमळाचा नाही, खंदकाचा नाही.
किल्ल्याच्या तटावर
ओळीनं वाळत घातलेल्या
अकरा बनियनी.