कंच्या म्हैन्यात?

पांगरीच्या वरच्या माळावर
दहा मीटर बाय दहा मीटर, चार खुंट्या, सुतळी.
आत जेवढी झाडं तेवढी माझी.
छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून मी घेर लिहिते:
धावडा एकोणचाळीस, मोई बासष्ट,
हिवर चौपन्न, आणि बोटात काटा.
नववा रकाना : चारा म्हणून उपयोग. हो किंवा नाही.

निळाबाई व्हनमान्यांची काळी पाठ
सुतळीखालून आत शिरली
आणि सतराव्या चौरसातलं धामणीचं रोप
शेंड्यापासून वाचत खाली आली.
"हे खाते का?" मी विचारलं.
खातच होती.

"खाती की. पर कंच्या म्हैन्यात, ते लिव्हलंस का?"

महिन्याला रकाना नव्हता.

ती आकडीवर हनुवटी टेकून उभी राहिली.
"पुसात बोरं. पडल्याली, सुकल्याली, आठळीसकट.
रातच्याला वाघरीत रवंथ करत आठळ्या थुकतात,
सकाळी झाडून बघ, सूपभर निघतील.
शिमग्याला पळसाची फुलं. पाला न्हाई, तो म्हशीला.
चैतात रान हाडावानी दिसतं,
तवा अंजन फुटतो, तांबडा तांबडा.
वैशाखात बाभळीच्या शेंगा, हिवराच्या बी.
पर हिवराचा कवळा पाला पोटभर द्यायचा न्हाई,
माझी गाभण चंद्री त्यानंच गेली.
तरवडाचं इचारूच नगं."

खाली वनखात्याची लागवड : गिरिपुष्प,
दोन-दोन मीटरवर, सगळी एकाच वयाची.
शेळ्या त्यातून पुढं निघाल्या
परक्याच्या लग्नात चुकून शिरल्यासारख्या.
"वल्ल्या पाल्याचा वास मारतो. वाळला तर बघतील.
एका जातीचं रान म्हंजी पोरी, एका म्हैन्याचं रान."

"शेळ्या जंगल संपवतात, असं गार्ड म्हणतो."

"संपीवतात बी. खोटं कशापायी बोलू?
धाकल्या फुटव्याला शेळी वाईटच.
म्हणून एका झाडाच्या दोन फांद्या, मग म्होरलं.
सासरा मोजायचा. एकदा तिसरी तोडली
तर त्यानं दोन दिस माझ्या हातात आकडी दिली न्हाई."

माझ्या चाळीस चौरसांत अंजन एकच.
घेर एकशे बारा.
सरांना पाठवलेल्या तक्त्यात मी त्याच्यापुढं
'नगण्य' लिहिलं होतं.
आता चैत्र. त्याच्याखाली पंचावन्न शेळ्या
माना वर करून उभ्या,
आणि निळाबाई आकडी लावताना पुटपुटते,
एक, दोन.

मी नवव्या रकान्यात पेन्सिलीनं उभ्या रेघा ओढल्या.
बारा खणं मावेनात.
फाल्गुन समासात गेला, आषाढाला जागाच नाही.

"आखाडात व्हय," ती म्हणाली,
"तवा समदंच हिरवं. तवा कुनी इचारीत न्हाई."

पाठ आता माझी सुतळी चघळत होती.