शन्नाच्या धक्क्यावर

ऊन मी म्हणतंय
आणि त्याला हटकायला इथे एक झाडही नाही.
अकराची बोट चुकली नाही, ती निघालीच नाही.
वारा आहे म्हणे.
आता दीडला.

गाडीचं दार उघडलं तशी खारी
पंजा टेकवते, उचलते,
दुसरा टेकवते, उचलते.
शेवटी मीच तिला उचलून घेते. अठरा किलो,
वर मागच्या पायाचं बँडेज
आणि निझव्याच्या डॉक्टरने गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कर्णा,
ज्यातून ती फक्त माझ्याकडे रागाने बघते.

नाव ठेवायचं ठरवलं नव्हतं.
हिल्फच्या दवाखान्यामागे, रात्रपाळीच्या चहाला
मी डबा उघडला की ही हजर.
तुटक्या खारीचे तुकडे तिचे.
समुद्रात लोळून यायची, अंगावर मीठ वाळलेलं.
नाव दोन्हीकडून बसलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरंफटक खाजण.
शिरोड्याच्या मिठागरात बाबा मीठ ओढायचे,
तळपायांना भेगा, भेगांत मीठ,
आणि म्हणायचे, सवय होता गो.
मला झाली नाही. मी नर्सिंगला गेले.
आता गाडीच्या काचेतून
कुणीच न ओढलेलं एवढं मीठ बघते
आणि उगाच वाफे मोजते.

तिकिटाच्या खिडकीत खमीस.
माणूस एक. गाडी एक. आणि हे?
ही खारी, म्हटलं.
त्याने रजिस्टर मागे-पुढे चाळलं.
शेळ्या आहेत, उंट आहे,
मधमाश्यांच्या पेट्यासुद्धा आहेत,
कुत्र्याचा रकाना नाही.
"हिचा कफील कोण?"
थट्टा होती की नियम, मला अजून कळलेलं नाही.

बावीस वर्षं माझा कोणी ना कोणी कफील.
आधी सोहारचं हॉस्पिटल,
मग एक गृहस्थ, ज्यांना मी कधी पाहिलं नाही,
मग सरकार.
मी कुठेही असले
की खाली दुसऱ्याची सही.
"मी," म्हटलं. "अना."
त्याने आडनाव विचारलं, लिहिलं.
त्यांच्यात प नाही, म्हणून परबची बरब.
कुत्री एक, कफील बरब.
वर शिक्का, जरा तिरका.

एसीच्या केबिनमध्ये ती चालत नाही,
म्हणून डेकवर, पाण्याच्या टँकरच्या सावलीत.
तिथे आधीच एक म्हातारा बसलेला, काठी आडवी टाकून.
खारीला पाहून त्याने दिशदाशा आवरून घेतला,
ओलं नाक लागायला नको.
मी म्हटलं, माफ करा, बाबा.
तो काही बोलला नाही.
थोड्या वेळाने थर्मासमधलं पाणी
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात ओतलं
आणि काठीच्या टोकाने
ढकलत ढकलत
तिच्यापर्यंत पोचवलं.
कर्ण्याची कड झाकणाला आपटत राहिली.
मी कर्णा काढला.
डॉक्टरने सांगितलं होतं, काढायचा नाही.

ती प्यायली. मग झाकणही चाटलं.
म्हाताऱ्याने विचारलं, किती वर्षांची?
माहीत नाही, म्हटलं.
ऑक्टोबरात माझा करार संपतो,
हे त्याने विचारलं नाही,
खमीसच्या रजिस्टरात त्यालाही रकाना नव्हता.

मसिरा अजून दिसत नव्हतं,
नुसती एक तपकिरी रेघ, तीही कदाचित धूळ.
बोट वळली.
सावली टँकरच्या दुसऱ्या अंगाला गेली.
आधी खारी उठली, तीन पायांवर,
मग झाकण उचलून म्हातारा,
मग मी.