ओली हळद, दोनशे ग्रॅम

दर गुरुवारी सकाळी साडेसातला
मंडईच्या मागच्या पायरीपाशी उभा असतो मी,
प्रयोगशाळेचा डबा आणि व्हाऊचरबुक घेऊन.
ठकूबाई ढेबे पानशेतकडून पहिल्या गाडीनं येतात,
पोत्यावर मांडतात ओली हळद, आंबेहळद,
शेवग्याचा पाला, ब्राह्मीची ओलसर जुडी,
आणि म्हणतात, "आला का हळदीवाला."
अकौंट्सला बिल लागतं.
त्या वहीच्या कागदावर आकडा घालतात
आणि अक्षर येत नाही म्हणून शेजारी हळदीचं चित्र काढतात.
चार वर्षं अकौंट्स ते फाइलला लावतंय.

पाषाणला पोचलो की सोलायची, किसायची,
रात्रभर अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायची.
बोटं पिवळी. साबण लावला की लाल.
पुस्तकात ही एक ओळ आहे,
माझ्या नखांत चार वर्षं.

बशीत पेशी असतात, उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या.
काचेखाली त्या एकमेकींकडे हात लांबवतात,
गच्चीवर दोघी शेजारणी
ओल्या चादरीची टोकं धरतात तशा.
आम्ही त्यांच्यावर विष सोडतो. हे सांगायला हवं.
विष, हळद, मग मोजणी.
हळदीविना शंभरातल्या एकेचाळीस उरल्या.
हळदीसह त्रेसष्ट.
त्या बावीस पेशींपायी
मी अख्ख्या कँटीनला चहा पाजला.

मी लिहिलं : हळदीतलं द्रव्य पेशींना वाचवतं.
आपटीकर मॅडमनी "वाचवतं" खोडलं,
वर लिहिलं "वाचवू शकेल."
आठवड्यानं तेही खोडलं :
"वाचवत असण्याची शक्यता नाकारता येत नाही."
"बशीत," त्या म्हणाल्या. "माणसात नव्हे.
पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत,
दारोदार अडवतात तिला.
उंबऱ्यापर्यंत पोचते की नाही
हेच अजून नीट कळलेलं नाही आपल्याला."

मार्गशीर्षात ठकूबाईंनी माझ्याकडून दोनदा पैसे घेतले.
मी बोललो नाही.
पौषात विचारलं, "कुनाचा रं तू?"
आणि लगेच हसून, "चेष्टा केली."
चेष्टा नव्हती.
पाच गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी ठेवणारी बाई
आता नाणी तळहातावर पसरून बघत बसते,
जणू ती दुसऱ्याच कुठल्या राज्यात चालतात.

मागच्या गुरुवारी सोबत सून होती, मंदा.
मला बाजूला घेऊन म्हणाली,
"तुमी हळदीचं डोक्याचं औषध करता म्हनं.
आत्याबाईस्नी द्याल का वाईच?"

आयुष्यभर जिचे हात हळदीत.
कालवणात, जखमेवर, चार लेकींच्या अंगाला.
तिला मी आणखी कुठली हळद देऊ?

मॅडमचं वाक्य मला पाठ होतं,
पण "शक्यता नाकारता येत नाही"
हे मावळच्या बोलीत कसं म्हणतात?
"बशीत होतंय," मी म्हणालो, "माणसात अजून ठाऊक नाही.
ससूनला दाखवू. मी येतो सोबत."
भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखी
मंदा माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात ठकूबाईंनी, मान रस्त्याकडे वळवलेली,
पोत्यावरून चार हळकुंडं उचलली,
एक परत टाकलं,
दुसऱ्याचं टोक मोडून खाली ठेवलं.
मंदानं काट्यात घातली.
दोनशे. ना एक ग्रॅम वर, ना खाली.

कुठल्या पेशीत राहतं हे,
तिथवर आमचा भिंग अजून गेलेला नाही.

मी बिलाचा कागद पुढे केला.
त्यांनी हळद काढली. मग तिची पानं.
मग वाफा, वाफ्याचा बांध,
बांधावरून उतरणारी पायवाट, विहीर,
विहिरीत वाकून बघणारं कुणीतरी.
कागद संपला.

अकौंट्सनं आज तो परत पाठवलाय.
शेरा : रक्कम नमूद नाही.