साईज अडतीस

पोरीचा इतिहास पाठ होत नाही,
म्हणून कटिंग टेबलापाशी मी तो ऐकतो.
खाकीचे साठ थर, वर माझा खडू.

ती वाचते: तोफ आली
तशा तिकडच्या सरदारांच्या उंच गढ्या ढासळल्या.
नव्या भिंती बुटक्या, जाड, चांदणीच्या आकाराच्या;
त्या बांधायचा पैसा फक्त राजाकडे.
पैशासाठी कर, करासाठी कारकून,
कारकुनाच्या काखेत वही.

"थांब. चिलखत कोण शिवायचं?"
"शिवायचे नाहीत, नान्ना, ठोकायचे."
एकाच छातीचं माप घेऊन, महिनोन्‌महिने.
मग बंदूक आली.
नांगरावरचा कुठलाही पोरगा चार आठवड्यांत ती शिकला
आणि छाती मोजायचं कारणच उरलं नाही.
हजार डगले, एक रंग, तीन साईज.

मी मशीन चालू करतो.
भवानी पेठेत, रात्री अकराला,
तो कारकून शेजारी येऊन बसतो
आणि माझे थर मोजू लागतो.

ऑर्डर पुण्याच्या सिक्युरिटी कंपनीची.
बोद्धूलांचा नागनाथ यातलाच एक घालून
कुठल्यातरी गेटवर उभा राहील.
त्याची छाती चौतीस, मला ठाऊक आहे.
शाळेचा शर्ट मीच शिवलेला,
खिसा मुद्दाम खोल, गोट्यांसाठी.
त्याला अडतीस देतील.

"आपल्या भुईकोटाची भिंत किती जाड असेल, नान्ना?"
इतकी वर्षं खंदकाकडेनं सायकल हाणली,
कधी पाहिलं नाही.
गळ्यातला टेप काढून तिच्याकडे देतो.